गाफील राहिलात, की गाफील ठेवलं?

लोकलमध्ये हेडफोन लावून उभे असाल, ऑफिसच्या बसमध्ये खिडकीला टेकून बसला असाल, नाहीतर फोन ओट्यावर ठेवून भांडी घासत असाल, सगळ्यांचं स्वागत. आजचा अख्खा भाग एकाच शब्दावर आहे. शब्द आहे 'गाफील'.

हा शब्द तुम्हाला अलीकडे कुठे कुठे भेटला, आठवून बघा. बँकेचा मेसेज येतो, गाफील राहू नका. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चोरीची बातमी पडते आणि खाली कोणीतरी लिहितं, 'लोक गाफील राहतात, दुसरं काय!' निवडणूक आली की नेते कार्यकर्त्यांना सांगतात, हवेत जाऊ नका, गाफील राहू नका. क्रिकेटच्या कॉमेंट्रीत फलंदाज गाफील राहतो आणि यष्टिरक्षक बेल्स उडवतो. आणि शाळेतल्या इतिहासात तर शत्रू कायमच गाफील असतो.

म्हणजे शब्द ओळखीचा आहे. इतका ओळखीचा की आपण त्याच्याकडे नीट बघतच नाही. मी काही भाषाशास्त्र शिकलेलो नाही. बी.टेक. केलं, कोड लिहून पोट भरतो. पण कोड लिहून एक सवय लागते. काही बिघडलं की आधी विचारायचं, एरर नक्की कोणाच्या नावावर पडतेय? आज 'गाफील' या शब्दाला मी तोच प्रश्न विचारणार आहे. कारण हा शब्द आपण फार पटकन समोरच्याच्या अंगावर टाकतो, आणि तो टाकल्यामुळे काही लोकांचं खरोखर नुकसान होतं. कसं, ते पुढे येईलच.

शब्द आला कुठून

'गाफील' मूळचा अरबी. फारसीच्या हाताला धरून आपल्याकडे आला आणि इथलाच झाला. अरबी भाषेची एक गंमत आहे, आणि आपल्यातल्या कोडिंगवाल्यांना ती लगेच आवडेल. तिथे शब्द साच्यांमधून तयार होतात. तीन व्यंजनांचं मूळ घ्यायचं, साच्यात टाकायचं, शब्द बाहेर. टेम्प्लेटच म्हणा ना.

आता एक साचा बघा. जाहीर, माहीर, हाजीर, गाफील. चारही शब्दांची चाल सारखी आहे की नाही? पहिल्या अक्षराला 'आ', दुसऱ्याला 'इ'. मराठीत तो 'इ' दीर्घ होतो, ते आपलं शुद्धलेखन. हा साचा साधारण कर्त्याचा. म्हणजे ते काम करणारा, किंवा त्या अवस्थेत असणारा. माहीर म्हणजे ज्याच्याकडे कसब आहे तो. गाफील म्हणजे ज्याचं लक्ष नाही तो.

दुसरा साचा बघा. मंजूर, मजकूर, मशहूर, मजबूर. हा कर्माचा साचा. ज्याच्यावर क्रिया झाली, तो. 'मंजूर' आणि 'नजर' एकाच मुळाचे, नजरेखालून गेलेलं ते मंजूर. 'मजकूर' हा 'जिक्र'पासून, ज्याचा उल्लेख झाला ते. आणि मजबूर म्हणजे ज्याच्यावर जबर झाली तो बिचारा.

लक्षात घ्या, 'गाफील' पहिल्या साच्यातून आलाय, कर्त्याच्या. म्हणजे शब्दाच्या हाडातच हे आहे की लक्ष न देणारा तूच. अजून एक जोड सांगतो. सूफी परंपरेत 'गफलत' म्हणजे ईश्वराचा विसर, आणि तिच्या विरुद्ध 'जिक्र', म्हणजे स्मरण. तिथे गाफील माणूस अडाणी नसतो. त्याला माहीत असतं, पण तो विसरून बसलेला असतो. हा मुद्दा धरून ठेवा, पुढे लागणार आहे.

भावंडांची ओळख

लक्ष नसणं, भान नसणं, यासाठी मराठीत शब्दांचा तुटवडा नाही. बेशुद्ध, बेभान, बेसावध. या तिघांत एक मजा आहे. डोकं फारसी, धड संस्कृत. 'बे' फारसीतला; शुद्ध, भान, सावध संस्कृतातून आलेले. मराठी माणसानं दोन्हीकडचे सुटे भाग आणून आपल्या गॅरेजमध्ये जोडणी केलेली आहे.

आता 'सावध' घ्या. स अधिक अवधान. अवधान म्हणजे लक्ष. लग्नात 'शुभमंगल सावधान' आपण इतक्यांदा ऐकतो की त्याचा अर्थ 'आता अक्षता टाका आणि जेवायला पळा' एवढाच उरलाय. पण आख्यायिका अशी की बोहल्यावर उभ्या असलेल्या एका मुलानं हा 'सावधान' शब्दशः घेतला आणि तो मंडपातूनच निघून गेला. पुढे आपण त्याला समर्थ रामदास म्हणू लागलो. आणि ज्ञानेश्वरीचा नववा अध्याय उघडा. सुरुवातच श्रोत्यांकडे अवधान मागण्यापासून होते. सातशेहून जास्त वर्षांपूर्वी. आज आम्ही पॉडकास्टवाले 'शेवटपर्यंत ऐका' म्हणतो, ती मागणी काही नवी नाही.

अवधानाचा उलटा शब्द 'अनवधान'. आणि इथे माणसाचा स्वभाव दिसतो बघा. वर्तमानपत्रात चूक छापली जाते, दुसऱ्या दिवशी खुलासा येतो, 'अनवधानाने राहून गेले'. पत्रिकेत मामांचं नाव सुटतं, आपण म्हणतो, 'अहो मामा, अनवधानानं झालं.' म्हणजे स्वतःसाठी आपण कुठला शब्द काढतो? अनवधान. मऊ, इस्त्री केलेला, कोणाला न टोचणारा. आणि तीच गोष्ट दुसऱ्यानं केली की? 'गाफील राहिला!'

मग 'अनभिज्ञ' आहे, ज्याला मुळात माहितीच नाही. 'अजाण' आहे, ज्याचं अजून कळण्याचं वय नाही. 'नकळत' आहे, त्यात कोणाचाच दोष नसतो, नकळत डोळा लागतो, नकळत प्रेमसुद्धा होतं. आणि 'बेभान' तर दोन्हीकडून वाजतो. ढोल-ताशा पथकात पोरं बेभान होऊन वाजवतात, तेव्हा आपण व्हिडिओ काढतो. तोच मुलगा बेभान होऊन बाईक चालवतो, तेव्हा आपण पोलिसांना फोन करतो.

'गाफील'ला असली सूट नाही. कोणी कधी कौतुकानं म्हणत नाही, 'काय मस्त गाफील आहे हो!'

क्रियापद सगळं सांगतं

आता मला आवडणारा भाग. शब्दाचा स्वभाव ओळखायचा असेल तर त्याच्या शेजारी कोण बसतं ते बघा. माणूस बेशुद्ध 'पडतो'. बेभान 'होतो'. पण गाफील? गाफील 'राहतो'.

'राहणे' हे साधं क्रियापद नाही. उपाशी राहणे, गप्प राहणे, मागे राहणे. या सगळ्यांत एक काळ जातो. माणूस मध्येच ते बदलू शकला असता, आणि त्यानं बदललं नाही. 'तू गप्प राहिलास' यात आरोप आहे ना? तोच आरोप 'तू गाफील राहिलास' यातही आहे.

त्याची सख्खी बहीण 'गफलत' मात्र वेगळ्या घरात पडली. उर्दूत गफलत म्हणजे बेसावधपणाची अवस्था. मराठीत आज बहुतेक वेळा गफलत म्हणजे घोळ. 'नावात गफलत झाली', 'हिशेबात गफलत आहे'. कारण बाजूला राहिलं, परिणामालाच ते नाव मिळालं. आणि गफलत 'होते'. तिला कर्ताच लागत नाही. सरकारी कार्यालयाच्या यादीतून तुमचं नाव उडालं तर 'गफलत झाली'. तुम्ही यादी तपासली नसेल तर 'तुम्ही गाफील राहिलात'. एकाच मुळाचे दोन शब्द, पण एक कार्यालयाच्या वाट्याला आणि एक तुमच्या.

पण मराठीत या शब्दाला अजून एक क्रियापद लागतं. 'ठेवणे'. गाफील ठेवणे. 'मला गाफील ठेवून परस्पर व्यवहार केला.' इथे वाक्यात दुसरा माणूस आला. आत्तापर्यंत दोषी कोण ते दिसत नव्हतं, आता कर्त्याच्या जागी तो उभा आहे.

माझं आजचं म्हणणं एवढंच आहे. 'राहणे' आणि 'ठेवणे' यांतला फरक आपल्याला माहीत आहे, आपल्या भाषेत तो स्पष्ट आहे, आणि तरीही नेमक्या वेळी आपण चुकीचं क्रियापद वापरतो.

पन्हाळ्याचं उदाहरण

पुरावा म्हणून आपल्या सगळ्यांच्या पाठ असलेली गोष्ट घेऊ. १६६० साल. शिवाजी महाराज पन्हाळ्यावर, खाली सिद्दी जौहरचा वेढा. मार्चपासून वेढा चालू आहे, पावसाळा सुरू झाला तरी तो उठायचं नाव घेत नाही. जौहर काही झोपलेला सरदार नव्हता, पक्का होता. मग महाराजांनी काय केलं? शरण येण्याची बोलणी लावली. महिनोन्महिने ताणलेल्या फौजेला वाटलं, चला, संपलं आता. वेढा सैल झाला. आणि जुलैच्या त्या पावसाळी रात्री महाराज निसटले. पुढचं बाजीप्रभूंचं घोडखिंडीतलं झुंजणं तुम्हाला माहीतच आहे.

आता ही गोष्ट सांगताना आपण काय म्हणतो? 'महाराजांनी शत्रूला गाफील ठेवलं.' ठेवलं! सगळं श्रेय डाव रचणाऱ्याला. आपण असं म्हणत नाही की जौहर बावळट होता म्हणून काम झालं. तसं म्हटलं तर महाराजांच्या बुद्धीचाच अपमान होईल. आपल्याला नीट कळतं की समोरच्याला काय हवंय हे ओळखून, त्याला तेच दाखवून, त्याचं लक्ष ढिलं करणं ही एक योजना असते. तिला डोकं लागतं, वेळ लागतो, वेळेची अचूक निवड लागते.

मग मला सांगा, तीच योजना आज एखादी ठगांची टोळी एखाद्या निवृत्त शिक्षिकेवर वापरते, तेव्हा आपण 'बाई गाफील राहिल्या' असं का म्हणतो? हेतू जमीन-अस्मानाइतके वेगळे आहेत, एकीकडे स्वराज्य आणि एकीकडे चोरी. पण काम करण्याची पद्धत? तिला 'ठेवणे'च म्हणायला हवं.

डिजिटल अरेस्टमध्ये गाफील कोण असतं?

डिजिटल अरेस्टचा प्रकार एव्हाना सगळ्यांनी ऐकलाय. २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनीही त्यावर सावध केलं होतं. पायऱ्या साधारण ठरलेल्या. फोन येतो, तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडलेत. मग 'पोलीस' लाईनवर येतात, व्हिडिओ कॉल, गणवेश, मागे ऑफिसचा देखावा. मग सांगतात, कॅमेरा बंद करायचा नाही, घरात कोणाला सांगायचं नाही, तुम्ही अटकेत आहात. आणि शेवटी, पैसे 'तपासणीसाठी' या खात्यात टाका, निर्दोष ठरलात की परत.

तर कायद्यात डिजिटल अरेस्ट नावाची गोष्टच नाही. व्हिडिओ कॉलवर कोणाला अटक होत नाही. हे एकदा मोठ्यानं घरात बोलून टाका, विशेषतः आजी-आजोबांसमोर.

पण मला विचारायचंय ते वेगळंच. त्या कॉलवरच्या माणसाचं लक्ष नसतं का? अहो, तो जितका लक्ष देऊन त्या स्क्रीनकडे बघत असतो तितकं लक्ष त्यानं आयुष्यात कशाकडे दिलेलं नसेल! प्रत्येक शब्द ऐकतोय, प्रत्येक सूचना पाळतोय. अवधान पुरेपूर आहे, पण ते दुसऱ्यानं मुठीत धरलंय. याला मराठीत गाफील म्हणत नाहीत. याला भेदरलेला म्हणतात, भांबावलेला म्हणतात.

लक्ष एका जागी खिळलं की बाकीचं दिसत नाही, हे प्रयोगातही दिसलंय. १९९९ मध्ये सायमन्स आणि चॅब्रिस या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक व्हिडिओ दाखवला. काही जण एकमेकांकडे बॉल टाकतायत, तुम्ही पास मोजायचे. मध्येच गोरिलाच्या वेशातला माणूस येतो, छाती बडवतो, निघून जातो. साधारण निम्म्या लोकांना तो दिसलाच नाही. ते लोक ढिले नव्हते. ते काम चोख करत होते, मोजत होते. म्हणूनच दिसला नाही.

माझ्या एका मित्राच्या काकांचं असंच झालं. आयुष्यभर हिशेब बघितलेला माणूस, घरात दहा रुपयांची पावती जपून ठेवणारा. दुपारभर कॉलवर होते. मोठी रक्कम गेली. आणि संध्याकाळी खोटं उघडं पडलं तेव्हा घरातल्यांचं पहिलं वाक्य काय होतं? 'काका, तुम्ही एवढे शिकलेले, आणि असे गाफील कसे राहिलात?' बोलणारे दुष्ट नव्हते, प्रेमाचेच होते. पण काका गप्प झाले. तक्रार करायला चला म्हटलं तर म्हणाले, नको, अजून चार लोकांना कळेल. दोन दिवस गेले त्यात.

हे दोन दिवस म्हणजे काय ते समजून घ्या. असे पैसे एका खात्यात थांबत नाहीत. एकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून दहा खात्यांत, शेवटी कुठेतरी रोख निघतात. तुम्ही १९३० या राष्ट्रीय हेल्पलाईनवर जितक्या लवकर फोन कराल, तितकी वाटेतली एखादी रक्कम गोठवता येण्याची शक्यता जास्त. म्हणजे इथे सगळा खेळ वेळेचा आहे. आणि 'गाफील' हा शब्द नेमका वेळच खातो. कारण तो ऐकला की माणसाला लाज वाटते, आणि लाजलेला माणूस फोन करत नाही.

नुकसान होतं म्हणालो होतो, ते हे. चोरानं पैसे नेले ते नेलेच. उरलेसुरले मिळण्याची संधी आपल्या एका क्रियापदानं जाते.

नियमात काय लिहिलंय

आता कोणी म्हणेल, शब्दांचं काय एवढं. तर नियमांतही हाच प्रश्न बसलेला आहे. रिझर्व्ह बँकेनं ६ जुलै २०१७ ला एक परिपत्रक काढलं. खातेदाराच्या संमतीशिवाय खात्यातून ऑनलाईन पैसे गेले तर भार कोणी सोसायचा, याबद्दल. त्यातली विभागणी सोपी करून सांगतो. चूक बँकेची असेल तर ग्राहकावर शून्य भार. चूक ना बँकेची ना ग्राहकाची, तिसरीकडेच कुठेतरी छिद्र होतं, आणि ग्राहकानं बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकावर शून्य भार. चार ते सात दिवस लागले तर मर्यादित भार. आणि ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे झालं असेल, म्हणजे त्यानं स्वतःच पिन-पासवर्ड देऊन टाकला, तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं. कळवल्यानंतर पुढे गेलेले पैसे मात्र बँकेच्या अंगावर.

आणि एक वाक्य सोन्यासारखं आहे. ग्राहक जबाबदार आहे हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर टाकलाय. म्हणजे 'तुम्ही गाफील राहिलात' असं नुसतं म्हणून चालत नाही, दाखवून द्यावं लागतं. आपण नातेवाईक मात्र पुराव्याशिवाय निकाल देऊन मोकळे.

एक खबरदारी. डिजिटल अरेस्टमध्ये माणूस भीतीपोटी स्वतःच्या हातानं पैसे पाठवतो, त्यामुळे 'संमतीशिवाय' या शब्दातच ते प्रकरण अडकतं. मग तिथे लवकर तक्रार करणं आणखीच महत्त्वाचं.

अरबीत आपल्या 'गाफील'च्याच मुळापासून एक शब्द आहे, 'मुगफ्फल'. साच्याप्रमाणे अर्थ होतो, ज्याला गाफील केलं गेलं तो. म्हणजे आपण शोधत होतो तो नेमका शब्द! पण रोजच्या वापरात त्याचा अर्थ काय झाला माहितीये? भोळसट, बावळट. आणि अरब जगात एक म्हण प्रसिद्ध आहे की कायदा मुगफ्फलांचं रक्षण करत नाही. म्हणजे फसवणाऱ्याचं कृत्य शब्दातून पार पुसलं गेलं, उरला फक्त फसलेल्याचा बावळटपणा. आपलं 'राहिलात' हे त्याचंच चुलत भावंड आहे.

आमच्या बाजूचं टेबल

आता मी ज्या बाजूला बसतो तिकडचं सांगतो, जिथे स्क्रीन बनतात. गाफील ठेवायला दरवेळी चोर लागत नाही. चांगल्या कपड्यातलं ॲपही ते करतं. तिकीट काढताना खाली एक टिक आधीच मारलेली असते. 'फक्त २ शिल्लक!' असं लाल अक्षरात धावत असतं. विमा नको म्हणायचा तर बटणावर लिहिलेलं असतं, 'नको, मला माझ्या कुटुंबाची काळजी नाही'. सदस्य व्हायला एक क्लिक, बाहेर पडायला सात पानं. यातलं काहीही आपोआप झालेलं नसतं. कोणता रंग, कोणतं वाक्य, कुठे बटण, हे लोक बसून ठरवतात, तपासतात, मोजतात.

याला डार्क पॅटर्न म्हणतात. आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ ला यावर मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि असे तेरा प्रकार नावानिशी सांगितले. मला यातली मोठी गोष्ट ही वाटते की सरकारी कागदावर 'ग्राहकानं नीट वाचावं' याच्या पुढे जाऊन 'तुम्ही असं बनवू नका' असं लिहिलं गेलं. राहणे ते ठेवणे.

दुसरं उदाहरण यूपीआयचं. वर्षानुवर्षं आपल्याला सांगितलं जायचं, पैसे घ्यायला पिन लागत नाही, गाफील राहू नका. तरी ठग पैसे मागण्याची रिक्वेस्ट पाठवायचे आणि सांगायचे, पैसे येतायत, पिन टाका. जुना सोफा विकायला काढलेली माणसं फसायची. शेवटी एनपीसीआयनं १ ऑक्टोबर २०२५ पासून व्यक्तीनं व्यक्तीला पाठवायची ही कलेक्ट रिक्वेस्टच बंद केली. कोट्यवधी लोकांना रोज सावध ठेवण्यापेक्षा ते दार भिंतीतून काढून टाकलं.

सॉफ्टवेअरच्या धंद्यात एक चांगली रीत आहे. सिस्टीम कोसळली की नंतर बैठक होते, तिला ब्लेमलेस पोस्टमॉर्टेम म्हणतात. कोणी चुकीचं बटण दाबलं हे विचारून तिथे थांबत नाहीत. ते बटण दाबता आलंच कसं, दाबण्याआधी सिस्टीमनं त्याला काय दाखवलं, हे विचारतात. माणूस चांगला म्हणून हे करत नाहीत हं. 'तो गाफील होता' असं लिहून बैठक संपवली तर पुढच्या महिन्यात दुसरा कोणी तेच बटण दाबतो, म्हणून करतात.

मग शब्द फेकून द्यायचा का?

अजिबात नाही. 'गाफील' फार कामाचा शब्द आहे, आणि काही वेळा तोच बरोबर असतो. घाटात वळणावर एका हातात स्टिअरिंग आणि दुसऱ्या हातात रील, तो माणूस गाफील आहे. त्याला धोका माहीत आहे, लक्ष देणं त्याच्या हातात आहे, रोज काही होत नाही म्हणून तो निवांत झालाय. सूफींच्या अर्थानं पक्का गाफील, माहीत असून विसरलेला.

म्हणून मी स्वतःपुरती एक चाचणी ठरवलीये. तीन प्रश्न. एक, त्या माणसाला धोका माहीत होता का? दोन, लक्ष देणं त्याच्या हातात होतं का? तीन, त्याचं लक्ष वळवायला समोर कोणी मुद्दाम बसलं होतं का?

पहिल्याचं उत्तर 'नाही' असेल तर तो अनभिज्ञ, त्याला माहिती द्या. पहिल्या दोघांचं 'हो' आणि तिसऱ्याचं 'नाही', तर हो, तो गाफील राहिला, बिनधास्त म्हणा. पण तिसऱ्याचं उत्तर 'हो' असेल, तर वाक्य बदला. त्याला गाफील ठेवलं गेलं. आणि मग आपोआप पुढचे प्रश्न तोंडात येतात, कोणी ठेवलं? कसं ठेवलं? आता काय करता येईल? हे प्रश्न कामाचे आहेत. 'कसा राहिलास' याला उत्तरच नसतं, फक्त खाली मान असते.

आणि काळही बघा. 'गाफील राहू नका' हे आधी सांगायचं वाक्य आहे. आधी सांगितलं तर ती काळजी असते. घटना घडून गेल्यावर तेच वाक्य भूतकाळात वापरलं की त्याचा दंड होतो.

तर या आठवड्यात दोन कामं. घरात जे मोठे आहेत, आई-बाबा, आजी, शेजारचे काका, त्यांना १९३० हा नंबर फोनमध्ये सेव्ह करून द्या. आणि सोबत एक वाक्य सांगून ठेवा, आजच, काहीही झालेलं नसताना: 'कधी काही गडबड झाली तर आधी मला फोन करा, मी रागावणार नाही.' माझ्या मते बँकेच्या दहा मेसेजपेक्षा या एका वाक्याचा उपयोग जास्त आहे. तुमच्यापेक्षा लहान भावंडांनाही सांगा, ती पण फसतात आणि ती तर अजून जास्त घाबरतात.

तुमच्या भागात, तुमच्या बोलीत 'लक्ष नसलेल्या' माणसाला काय म्हणतात? वऱ्हाडात, खानदेशात, कोल्हापूरकडे, कोकणात, कुठलाही शब्द असू दे, व्हॉइस नोट करून पाठवा. आणि सोबत तो 'राहतो', 'होतो' का 'पडतो', तेही सांगा. शब्दाइतकंच मला आता क्रियापदात रस आहे!

भेटू पुढच्या भागात. तोवर सावध राहा, आणि कोणी फसलंच तर त्याच्या बाजूनं उभे राहा. नमस्कार!